चुन्याचा पट्टा

नगरला फिरायला कोण जातं, असं देवरुखात मला जो भेटेल त्याने विचारलं. शिर्डीला जाणार असशील, मग वाटेत बघ, असेही सल्ले आले. मी शिर्डीला जाणार नव्हते आणि या वयात कुठला किल्लाही चढणार नव्हते. मला विजेचे मनोरे बघायचे होते. माझी भाची तेजश्री तिकडे उच्चदाब वाहिनीच्या कामावर इंजिनीयर आहे. दिवाळीला आली नाही, शिमग्याला आली नाही. फोन करावा तर, "मावशी, लाइन ओढतोय गं, नंतर बोलते." ही लाइन आहे तरी काय आणि ती किती ओढायची असते ते एकदा डोळ्यांनी बघून यावं, म्हणून मी पिशवी भरली. परत येऊन आता महिना होत आला. आमच्याकडचं कोणी त्या बाजूला वाट वाकडी करून जाईल असं वाटत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी हे लिहिते.

भिंगार

कागदावर आता अहिल्यानगर झालं असलं, तरी रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे अजून नगरच म्हणतात. तेजश्रीची खोली शहराला लागून असलेल्या भिंगारला, एका निवृत्त सुभेदारांच्या घरामागे आहे. लष्कराची वस्ती जवळ. आमच्याकडे पहाटे कोंबडा आरवतो, इथे बिगूल वाजतो, आणि मोरीवर नंबर कुणाचा यावरून भांडणं मात्र तिकडच्यासारखीच होतात.

हवा इतकी कोरडी, की एक लुगडं वाळत घालून दुसरं पिळेपर्यंत पहिलं कडक. माझे ओठ पहिल्याच दिवशी फुटले. सुभेदारीणबाईंनी रात्री शेंगोळ्या पाठवल्या. लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवलेल्या पिठाच्या वळ्या. पहिल्या घासाला वाटलं, ही चव ओळखीची आहे. विचारलं तर हुलग्याचं पीठ. हुलगा म्हणजे आपला कुळीथ! ज्या कुळथाची आम्ही पातळ पिठी करून भातावर ओततो, त्याला हे लोक असा पीळ देतात. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि रात्रभर पाणी पीत बसले.

तेजश्री मात्र उष्टावल्यासारखं करून उठली. बारीक झाली होती. पोरगी हसताना पूर्वी डोळे मिटायची, आता हसतानाही तिचं लक्ष फोनकडे होतं.

मनोऱ्यांखाली

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर गाडीतून काष्टीच्या बाजूला गेले. तिथे श्रीगोंदा तालुका लागतो. मला वाटत होतं सगळा ओसाड माळ असेल. पण कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे ऊस, कांदा, लिंबाच्या बागा, आणि जिथे पोचत नाही तिथे रेघ मारल्यासारखा पिवळा माळ. शेतात काढलेल्या कांद्याचे ढीग पातीने झाकून ठेवले होते. सगळ्या रानाला कांद्याचा वास होता.

आणि या सगळ्यावरून मनोरे चाललेले. फोटोत ते खेळण्यासारखे दिसतात. खाली उभं राहून वर पाहिलं तर मान दुखते. शेंड्यावर बंगालमधून आलेली माणसं पट्टे बांधून कामं करत होती, आणि खालून ती मुंग्यांएवढी दिसत होती. मला सक्तीने हेल्मेट घालायला लावलं. ते माझ्या अंबाड्यावर बसेना. शेवटी अंबाडा सोडला, तेव्हा कुठे सरकारी सुरक्षा माझ्या डोक्यात बसली.

"ही तार गावात वीज देणार का?" मी विचारलं.

"नाही गं. ही कालव्यासारखी. कालव्यातून कोणी घागर भरत नाही, चारी काढून पाणी शेतात नेतात. ही पुढे मोठ्या उपकेंद्रात जाते, तिथून लहान तारांनी सगळीकडे. जुन्या तारांवर फार भार झालाय. दाब कमी पडतो, मोटरी जळतात."

एवढं मला कळलं. आमच्याकडे पावसाळ्यात खांब आडवा झाला की आम्ही चार-चार दिवस मेणबत्तीवर काढतो, तेव्हा विजेची किंमत मला कोणी शिकवायला नको.

काष्टीच्या अलीकडे एक ख्रिस्ती वाडी आहे. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. ख्रिस्ती म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे गोव्याची माणसं, झगे आणि व्हायोलिन. इथे धोतर-टोपीतला एक म्हातारा लिंबाच्या बागेला पाण्याचं बारं देत होता. पणजोबांच्या काळात यांच्या घराण्यांनी धर्म बदलला, भाकरी आणि बोली तीच राहिली. म्हाताऱ्याचं नाव याकोबआबा. चर्चची घंटा तेच वाजवतात.

"या म्याडम. ह्या कोन?"

"माझी मावशी. कोकणातून आलीय."

"कोकनातून? मंग आमच्या उन्हात कशापायी आनली बिचारीला?" आणि लगेच घरात हाक मारून मिठाचं लिंबू सरबत मागवलं. आबा आणि तेजश्री एकमेकांशी बोलत होते त्यावरून मला समजलं, की यांचं आधी बरंच काही बोलून झालेलं आहे. ते काय, हे आबांनी स्वतःच मला दाखवलं.

वाडीबाहेर माळावर त्यांचं लहानसं कबरस्तान. दगडी क्रूस दोन-चारच. बाकी कबरी म्हणजे दगडांची नीट रचलेली रास आणि उशाला एक झाड. घडीव दगड प्रत्येकाला कुठून मिळायचा? म्हणून इथे माणूस पुरला की झाड लावायची चाल. कडुलिंब, चिंच, बाभूळ, ज्याला जे मिळालं ते. फाटकाच्या आत शिरल्याबरोबर सगळ्यांत मोठा कडुलिंब आबांच्या बायकोच्या, मार्थाबाईंच्या उशाला होता.

"ती गेली तवा ह्यो लिंब माज्या मनगटाएवढा हुता," आबा म्हणाले. "दुष्काळात मी आंगुळीचं पानी आनून घातलं ह्याला. आन् ही बाजूची जागा दिसती का? ती माजी. सावली दोगांना पुरल."

नव्या तारा या कबरस्तानाच्या पलीकडच्या टोकावरून जाणार होत्या. तारेखाली उंच झाड चालत नाही, ते तोडावंच लागतं. म्हणून टोकाच्या काही झाडांवर चुन्याचा पांढरा पट्टा ओढलेला होता. ती तोडायची. वाडीने चर्चमध्ये बसून त्याला होकार दिला होता. आबा स्वतःच म्हणाले होते, की मोटरी आमच्याही जळतात. फक्त आधीच्या मोजणीत हा कडुलिंबही तारेच्या पट्ट्यात दाखवला होता. तेजश्रीने भांडून पुन्हा मोजणी करायला लावली, आणि झाड थोडक्यात बाहेर निघालं.

"आबा, तुमच्या झाडाला कोणी हात लावणार नाही. माझा शब्द आहे," ती त्या दिवशी माझ्यासमोर पुन्हा म्हणाली.

"तुमचा शब्द हाय म्हनूनच मी निवांत हाय," आबा म्हणाले. आणि निघताना, "परवा गुड फ्रायडे. उपासनेला या दोगीबी. मावशींना आमची गानी ऐकवू."

शुक्रवार

तेजश्रीला सुट्टी होती, म्हणून गेलो. वाडी ओळखू येईना. चर्चच्या पायऱ्या, विहिरीचा कठडा, अंगणांच्या कडा, सगळं ताज्या चुन्याने पांढरं. आमच्याकडे गणपतीला जशी घरं रंगवतात तशी यांची ईस्टरच्या आधीची ही साफसफाई. आबांच्या बोटांच्या भेगांत अजून चुना होता.

"काल कबरस्तानबी चकाचक केलं," आबा अभिमानाने म्हणाले. "रविवारी दिस उगवायला सगळी तितंच जमत्यात ना."

मी कौतुकाने मान डोलवली. तेजश्रीनेही.

उपासना दुपारभर चालते. क्रुसावर येशूने काढलेले सात उद्गार, आणि प्रत्येक उद्गारावर वेगळा माणूस बोलणार. कोणी शिक्षक, कोणी ट्रॅक्टर चालवणारा, एक लेकुरवाळी बाई. मधून हार्मोनियम आणि तबल्यावर अभंगाच्या चालीची गाणी. मी पाठीमागे सतरंजीवर बसले होते आणि मला परकं असं काहीच वाटलं नाही. फक्त एक बदल. आमच्याकडे देवळात लोक येतात, जातात, गप्पा मारतात. इथे कोणी हलत नव्हतं. पाण्यालासुद्धा कोणी उठलं नाही.

तिसऱ्या की चौथ्या उद्गाराला माळाकडून यंत्राच्या करवतीचा आवाज आला. आबा आमच्या पुढेच बसले होते. ते किंचित मागे वळले.

"तुमचंच काम का म्याडम?"

"हो आबा," तेजश्री कुजबुजली. "तोडणीवाले आलेले दिसतात. या आठवड्यात कधीही येऊ म्हणाले होते. ती पलीकडची झाडं."

"करू द्या. ठरल्यापरमानं हुतंय." आणि आबांनी डोळे मिटले.

आवाज थांबे, पुन्हा सुरू होई. मग काहीतरी मोठं पडल्याचा धप्प आवाज आला, जमिनीतून कळला म्हणा ना. बोलणाऱ्या बाई क्षणभर थांबल्या आणि पुढे बोलू लागल्या. आबांनी डोळे उघडले नाहीत. ते ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि अजून जेवताना मधेच आठवतं.

उपासना सुटल्यावर दर गुड फ्रायडेला आबा मार्थाबाईंच्या कबरीवर जातात. आम्ही त्यांच्यामागून गेलो. फाटकाच्या अलीकडूनच मला दिसलं, की आभाळ जास्त मोकळं आहे. मला काय ते लगेच कळेना. तेजश्रीला कळलं. ती धावली.

कडुलिंब आडवा पडला होता. फांद्या दोन कबरींवर पसरलेल्या, पानं अजून हिरवी, पांढरा मोहर सगळीकडे सांडलेला आणि त्याचा तो गोड-कडसर वास. पलीकडच्या टोकाची, खरी तोडायची झाडं जशीच्या तशी उभी होती.

तोडणीचा मुकादम पाथर्डीकडचा. ऊसतोडीचा हंगाम सरला म्हणून टोळी घेऊन या कामाला आलेला. बिचारा गोंधळून उभा राहिला.

"हे झाड का तोडलंत? हे कोणी सांगितलं तुम्हाला?" तेजश्री ओरडली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"म्याडम, पट्टा बघून तोडायचं सांगितलं हुतं. पट्टा हाय का न्हाई तुमीच बघा. फाटकापासून सुरुवात केली. सगळ्याच झाडान्ला पट्टा हाय की!"

सगळ्याच झाडांना होता. काल कबरी रंगवताना वाडीने उशाच्या प्रत्येक झाडाला, बुंध्याशी, शोभेसाठी चुन्याचा पट्टा ओढला होता. सणाला झाड बिनपट्ट्याचं ठेवत नाहीत, ही त्यांची रीतच; आपला पट्टा आणि मोजणीचा पट्टा सारखाच दिसेल, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मोजणीवाल्यांनी खूण करायला नेमका चुनाच वापरला, आणि ईस्टरला इथे काय करतात हे कोणी विचारलं नाही. तेजश्रीनेही नाही.

आबा खोडाजवळ वाकले. पडलेल्या बुंध्यावरच्या पट्ट्यावरून त्यांनी हात फिरवला.

"ह्यो मीच वढला," ते म्हणाले. "दोन हात दिले. म्हनलं, मार्थाचं झाड हाय, उठून दिसलं पायजे."

मग ते आमच्याकडे न बघता घरी गेले.

शनिवार

रात्रभर तेजश्री कूस बदलत होती. सकाळी मी म्हटलं, चूक तुझी एकटीची नाही. तर माझ्यावरच चिडली. "शब्द मी एकटीनेच दिला होता ना?" खरंच बोलत होती.

आम्ही पुन्हा वाडीत गेलो. आबा ओट्यावर बसले होते, पुढ्यात चहाचा कप तसाच साय धरलेला. तेजश्री पायरीवर बसली आणि जे म्हणायचं ते सरळ म्हणाली. माझं चुकलं, मला माफ करा.

आबांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "आज न्हाई म्याडम. आज शनवार हाय. आज येशू कबरीत हाय. देवबी आज गप हाय, तितं मी काय बोलनार? उद्या या."

त्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, तेजश्रीला रडता तरी आलं असतं. आबांच्या सुनेने आम्हाला बाजरीची भाकरी आणि ठेचा दिला. त्या घरात त्या दिवशी अन्नाला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, ते कशाचं हे कोणी विचारलं नाही.

रविवार

पहाटे भिंगारहून निघालो. पोचलो तेव्हा सगळी वाडी मेणबत्त्या घेऊन गात कबरस्तानाकडे चालली होती. लहान मुलांनी हातांचे आडोसे करून वाती सांभाळल्या होत्या. ज्याने-त्याने आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावली, फुलं ठेवली. मला आमची पितरं आठवली. आम्ही पितरांना वर्षातून एकदा जेवू घालतो आणि मनातून थोडे भितोही. ही माणसं मात्र सकाळी उठवायला आल्यासारखी आली होती.

कबरस्तानातली उपासना सुरू झाली आणि सूर्य वर आला. ऊन लगेच तापलं. तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. चहूकडे मोकळी जागा असताना सगळे लोक एकाच ठिकाणी दाटीने उभे होते. म्हाताऱ्या, पोरं कडेवर घेतलेल्या बाया, सगळे. आधी मला कारण कळेना. मग कळलं, की दरवर्षी कडुलिंबाची सावली तिथे पडायची. सवयीने सगळे त्याच सावलीत येऊन उभे राहिले होते, आणि डोक्यावर ऊन होतं. मी पदर डोळ्यांना लावला. मला लाज वाटली नाही.

शेवटी सगळे एकमेकांचे हात हातात घेतात. एकाने म्हणायचं, "ख्रिस्त उठला आहे." दुसऱ्याने म्हणायचं, "खरोखर उठला आहे." अनोळखी बायकांनी माझेही हात धरले आणि मी ऐकून ऐकून उत्तर दिलं. तेजश्री मागे फाटकाशी उभी होती. आबा गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत गेले. सगळी वाडी बघत होती.

"म्याडम, मी रातभर परयत्न केला," आबा म्हणाले. "आज सणाचा दिस. आज माफ केलं म्हनायला पायजे, चर्चचं पाळक बी तेच सांगत्यात. पन तोंडातून येईना झालंय. खोटं बोलू का?"

"नका आबा," तेजश्री म्हणाली.

"मंग हात तेवढा मिळवतो. हात मिळवाय जमतंय." आणि त्यांनी हात पुढे केला. तिने दोन्ही हातांनी धरला. सोडताना म्हणाले, "एक काम हाय. ते खोड काष्टीच्या वखारीत न्यायचंय. टेम्पो बघा."

काष्टी

सोमवारी मी परत निघणार होते. गाडी चुकवली.

टेम्पोत मागे खोड, पुढे ड्रायव्हरशेजारी आबा, आणि मागून आम्ही. रस्त्याच्या कडेने तारा नसलेले मनोरे उभे होते. वखार बाजारपेठेच्या कडेला आहे. करवतीच्या भुशाने तिथला कुत्रासुद्धा पिवळा झाला होता. खोड उतरवलं. ज्या बाजूला पट्टा होता ती बाजू वर आली, आणि कोणीतरी ती फिरवून खाली केली.

वखारवाल्याने लाकडावर थाप मारली. "चांगला हाय. काय काढायचं आबा? चौकटी का फळ्या?"

"फळ्या. पेटीच्या."

"कसल्या पेटीच्या?"

"माज्या," आबा म्हणाले. "मला ह्याच्या सावलीत पडायचं हुतं. आता सावली ऱ्हायली न्हाई, तर ह्यालाच घिऊन पडतो."

वखारवाल्याने हातातल्या टेपसह वाकून खोडाला नख लावून बघितलं. "आबा, लाकूड ओलं हाय," तो म्हणाला. "वाळाय लई दिस जातील."

"वाळू दे की. मला कुटं घाई हाय?" आबा हसले. शुक्रवारनंतर पहिल्यांदा. "माप घे."

त्या माणसाचा हात पुढे होईना. जित्या माणसाचं असलं माप कोण घेणार? तो माझ्याकडे बघू लागला, मी रस्त्याकडे बघू लागले. तेव्हा तेजश्रीने त्याच्या हातातली टेप काढून घेतली.

आबांनी टोपी काढली, चपला काढल्या, आणि वखारीच्या भिंतीला पाठ लावून शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले. तेजश्री भुशात गुडघ्यांवर बसली. टेपचं टोक त्यांच्या टाचेशी दाबून धरायला मी वाकले, आणि ती टेप सोडवत उभी राहिली. आबांचे पाय भेगाळलेले आणि गरम होते. तिने आबांच्या डोक्यावर तळहात सपाट ठेवला, नीट बघितलं, पुन्हा एकदा बघितलं आणि आकडा सांगितला. पण इतक्या हळू, की पायाशी बसलेल्या मलाही तो ऐकू आला नाही.

"मोठ्यानं सांग पोरी," आबा म्हणाले. "कापनाऱ्याला ऐकू जाऊ दे. तू मोजलंयस, बरुबर असंल."

तिने मोठ्याने सांगितलं.